वहिनीचं बोलकं मशीन

माझी वहिनी दवाखान्यात टायपिस्ट आहे असं सांगितलं की समोरचा माणूस मान डोलावतो आणि दुसऱ्या विषयाकडे वळतो. तिला दिसत नाही हे पुढं सांगितलं की तोच माणूस परत मागं येतो आणि विचारतो, "मग टाइप कसं करते?" जणू काही बाकीचं जग बुबुळांनी टाइप करतं.

वहिनीच्या डोळ्याचा पडदा एकोणिसाव्या वर्षी सुटला. आधी डाव्या डोळ्याचा, आणि वर्षाच्या आत उजव्याचा. त्यानंतर ती काय काय शिकली याची यादी ती कधी सांगत नाही. मी तिला ओळखायला लागले तेव्हा ती आमच्या घरात दादाची बायको म्हणून आलेली होती आणि त्याच मोठ्या दवाखान्यात टेलिफोन ऑपरेटर होती. बावीस वर्षं तिनं बोर्ड सांभाळला. फोन उचलून पलीकडच्या माणसानं नुसता श्वास घेतला तरी तिला कळायचं, हा तीन नंबर वॉर्डातला आहे की बाहेरचा कुणी घाबरलेला नातेवाईक. मग एक दिवस "चौकशीसाठी एक दाबा, अपघात विभागासाठी दोन दाबा" असं म्हणणारा आवाज आला आणि बोर्ड उचलून नेला.

वहिनीला रेकॉर्ड विभागात पाठवलं. काम असं, की ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर जे बोलून ठेवतात ते ऐकायचं आणि टाइप करायचं. कानाला हेडफोन, पायाखाली पेडल. पेडल दाबलं की डॉक्टर बोलतात, सोडलं की गप्प होतात. "घरातही असं एक पेडल हवं होतं," असं ती दादाच्या दिशेनं तोंड करून म्हणायची. दादा छापखान्यात कामाला. तिथल्या खडखडाटात राहून त्याला घरीही ओरडून बोलायची सवय. तो ओरडूनच हसायचा.

वहिनीच्या कॉम्प्युटरवर स्क्रीन रीडर होता, म्हणजे पडद्यावर जे येईल ते वाचून दाखवणारा आवाज. हे दोन आवाज, एका कानात डॉक्टर आणि दुसऱ्यात मशीन, सांभाळत ती दिवसाला दहा-बारा रिपोर्ट सहज उरकायची. औषधांची नावं तिच्या जिभेवर. आमच्या आईच्या गोळ्या बदलल्या की डॉक्टरांच्या आधी वहिनीच सांगायची की या गोळीनं तोंड कोरडं पडेल.

अडचण मागच्या वर्षी सुरू झाली. दवाखान्यातल्या सगळ्या कॉम्प्युटरांवर नवी सिस्टीम चढवली गेली. वहिनीचं मशीन जुनं. त्याला ती झेपेना. नाकापेक्षा मोती जड झाला. बटण दाबलं की अक्षर उच्चारायला मशीन तीन मोजेपर्यंत थांबायचं. कधी वाक्याच्या मध्येच रीडर बंद पडायचा आणि वहिनी तोंड मिटलेल्या मशीनसमोर बसून राहायची. बारा रिपोर्टांचे सहा झाले, सहाचे चार. एकदा साडेतीन तासांच्या ऑपरेशनची नोंद अर्ध्यावर असताना मशीन अडकलं आणि टाइप केलेलं सगळं गेलं. सर्जन दाराशी उभे. त्यांनी राग केला नाही, उलट म्हणाले, "राहू द्या बाई, मी दुसऱ्या कुणाकडून करून घेतो." वहिनीला ते रागापेक्षा जास्त लागलं.

विभागाच्या अधीक्षकांना सगळे 'मोठ्या बाई' म्हणतात. त्यांनी वहिनीला बोलावून अगदी मायेनं विचारलं, "तुमच्यासाठी चौकशीच्या खिडकीत एक खुर्ची बघू का? त्रास नाही, धावपळ नाही."

त्या संध्याकाळी मी माहेरी आले होते. वहिनीनं पर्स खुंटीला अडकवली, हात धुतले, आणि म्हणाली, "खिडकीत ठेवायला मी काय कुंडी आहे?"

एवढंच. पुढं तिनं खुर्चीचा विषय काढला नाही. पण मला तिचा स्वभाव माहीत आहे. ती गप्प बसली की समजायचं, तिचं कुठंतरी काम सुरू झालंय.

दवाखान्यातले सगळे कॉम्प्युटर बघणारा एकच माणूस होता. गळ्यात कायम गुंडाळलेल्या वायरी, म्हणून त्यांना केबलवाले म्हणत. वहिनी दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेली. तिनं विचारलं, "जुन्या मशीनवर ती लिनक्स नावाची दुसरी सिस्टीम बसवली तर हलकं चालेल ना? त्यात बोलणारा रीडर असतो असं ऐकलंय."

"असतो," केबलवाले म्हणाले. "माझे मोठे सर्व्हर त्याच्यावरच चालतात. सिस्टीम उत्तम आहे. पण बाई, ते बसवताना मशीन मुकं असतं. आवाज सगळं झाल्यावर येतो. बसवायला डोळे लागतात. मला वेळ मिळाला की करून देईन."

"कधी मिळेल?"

"तीनशे मशीन आहेत आणि मी एकटा. खोटं कशाला बोलू?"

वहिनीला त्यांचा राग आला नाही. माणूस सरळ होता. पण तिच्या ओळखीत न दिसणाऱ्यांचा एक फोनवरचा गट आहे, कुणी शिक्षक, कुणी वकील, कुणी नुसतेच हौशी. तिनं तिथं विचारलं, तर एका शिक्षकानं सांगितलं की लिनक्सचा एक प्रकार असा आहे की तो पेनड्राइव्हवरून सुरू होतानाच बोलायला लागतो. फक्त योग्य वेळी एक बटण दाबायचं. 'योग्य वेळ कशी कळणार?' असं वहिनीनं विचारलं, तेव्हा उत्तर आलं: 'मशीन बीप देतं. बीप ऐकलं की एस आणि मग एंटर.'

"बीप ऐकायचं काम मला बावीस वर्षं येतंय," वहिनी मला म्हणाली.

घरात दादाच्या छापखान्यातून निवृत्त झालेला एक जुना कॉम्प्युटर होता. दवाखान्यात हात घालायच्या आधी याच्यावर करून बघायचं, असं तिनं ठरवलं. चार संध्याकाळी ती सूचना ऐकत बसली. लिनक्सची फाइल उतरवून घेतली, ती वाटेत खराब झालेली नाही ना हे आकडे जुळवून पाहिलं, मग एका रिकाम्या पेनड्राइव्हवर चढवली. त्या पेनड्राइव्हला तिनं रबरबँडचे दोन वेढे दिले, कारण अगदी तसाच दुसरा पेनड्राइव्ह आईच्या जुन्या गाण्यांचा होता, आणि ती गाणी पुसली गेली असती तर आमच्या घरात सिस्टीम काय, जेवायलाही कुणी बसलं नसतं. औषधांच्या नावांची तिची स्वतःची यादी, वर्षानुवर्षं जमवलेली, तिनं तिसरीकडे उतरवून ठेवली. "जे पुन्हा मिळणार नाही ते आधी हलवायचं. बाकीचं गेलं तर गेलं."

आता एकच गोष्ट राहिली होती. मशीन सुरू होताना त्याला सांगावं लागतं की आज तू तुझ्या डिस्कवरून नाही, या पेनड्राइव्हवरून उठ. त्यासाठी एक छोटी यादी पडद्यावर येते, आणि ती यादी बोलत नाही. ती एकदा कुणीतरी वाचून दाखवायला हवी होती.

रविवारी सकाळी दादाची छापखान्यात पाळी होती. मी येणार होते, पण माझी बस चुकली आणि मी पोचले तेव्हा वहिनीनं थांबायचं नाकारून आईला कामाला लावलेलं होतं. आईला आपली अक्षरं येतात, इंग्रजी येत नाहीत. मी दारात चप्पल काढत होते तेव्हा आतून हे ऐकू आलं:

"आई, किती ओळी आहेत?"

"चार. निळ्यावर पांढऱ्या."

"पहिल्या ओळीचं पहिलं अक्षर कसं दिसतंय?"

"दोन काठ्या, मध्ये आडवी काठी. शिडीसारखं, एकाच पायरीची शिडी."

"एच. म्हणजे डिस्क असावी. दुसऱ्या ओळीचं?"

"त्याच्यातलं पहिलं अक्षर म्हणजे चंद्र. अर्धा."

"ती सीडी. तिसरी ओळ?"

"तिसरी..." आई पुढं वाकली असावी, तिच्या खुर्चीनं करकर केलं. "पहिलं अक्षर पेल्यासारखं आहे. पाणी प्यायचा पेला. मग साप. मग एक काठी, आणि तिला दोन पोटं."

वहिनी एकदम हसली. यू, एस, बी. एकोणिसाव्या वर्षापर्यंत पाहिलेली अक्षरं तिच्या डोक्यात अजून जशीच्या तशी होती. "आई, तुम्ही मला यादी वाचून दाखवलीत, आणि तीही न येणाऱ्या भाषेत."

"मी कसलं वाचतेय? मी चित्र सांगतेय."

मी आत गेले. "सरक, मी वाचते," म्हटलं, तर दोघी एका सुरात म्हणाल्या, "झालं आमचं!" वहिनीनं खालच्या बाणाचं बटण दोनदा दाबलं, मग एंटर. मशीनच्या पोटात पंखा फिरत होता. वहिनीनं तळवा मशीनच्या अंगावर ठेवला होता, ताप बघतात तसा.

बीप.

तिची बोटं आधीच जागेवर होती. एस, एंटर.

मग काहीच नाही. पडद्यावर भराभर ओळी सरकत होत्या, मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, आणि आवाज शून्य. मिनिटभरानं मी म्हटलं, "वहिनी, बहुतेक चुकलं काहीतरी."

"थांब गं. याला दोन तोंडं आहेत, एक आपल्या स्पीकरचं आणि एक पडद्याच्या वायरीतलं. आधी दुसऱ्या तोंडानं बोलत असेल. आपली पाळी येईल."

आणि आली. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून कुणी बोलावं तसा, घाईघाईचा, एका पट्टीतला आवाज. हा आवाज ऐकू येत असेल तर एंटर दाबा, असं तो सांगत होता. वहिनीनं एंटर दाबलं.

"सर्दी झालीय का त्याला?" आईनं विचारलं.

"असू दे. बोलतोय ना!"

त्यानंतरचा तासभर मी नुसती बघत होते. मशीन प्रश्न विचारायचं, उत्तरांना आकडे द्यायचं, वहिनी आकडा दाबायची. भाषा कोणती, कीबोर्ड कोणता, मशीनचं नाव काय. पासवर्ड विचारला तेव्हा तिनं आम्हाला दोघींना तोंड फिरवायला लावलं. मग डिस्कचा प्रश्न आला. दोन डिस्क सांगितल्या, एक मोठी, एक लहान. लहान म्हणजे पेनड्राइव्ह स्वतःच. वहिनीनं ती ओळ तीनदा ऐकली, आकार पुन्हा ऐकला, आणि मोठीचा आकडा दाबला. शेवटी मशीननं विचारलं की यावरचं सगळं पुसून लिहायला सुरुवात करू का. नुसतं एंटर दाबलं तर उत्तर 'नाही' जायचं. 'हो' स्वतःहून दाबावं लागत होतं. वहिनी एवढ्या वेळात पहिल्यांदाच थांबली. अंगठ्यानं तिनं बोटातली अंगठी एकदा फिरवली.

"जुनं मशीन काय तसंही बोलत नव्हतं," असं म्हणून तिनं 'हो' दाबलं.

आता डिस्कवर नवी सिस्टीम लिहिणं चालू राहणार होतं, अर्धा-पाऊण तास. आम्ही स्वयंपाकघरात चहा घेत बसलो. आई मध्येच उठून बाहेर गेली आणि परत आली. वहिनीनं कप खाली ठेवला. "पंखा का थांबला?"

मला पंखाही ऐकू येत नव्हता आणि त्याचं थांबणंही. आई शांतपणे म्हणाली, "मी भिंतीवरचं बटण बंद केलं. पडदा काळा झाला होता. म्हटलं झालं वाटतं तुमचं, उगाच वीज कशाला जाळायची?"

बराच वेळ कुणी हात लावला नाही की पडदा आपोआप काळा होतो. वहिनीच्या दृष्टीनं पडदा पहिल्यापासून काळाच होता, त्यामुळं तसं आईला सांगायचं तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. जुनी सिस्टीम पुसलेली, नवी अर्धवट. आता हे मशीन ना घरचं ना घाटचं. आईच्याही ते हळूहळू लक्षात आलं. तिचा चेहरा असा झाला की मी कप उचलायचं निमित्त करून दुसरीकडे पाहिलं.

"मी नासवलं का गं सगळं?"

वहिनी आईच्या आवाजाच्या दिशेनं गेली आणि तिचा हात धरला. "काही नासलं नाही. पेनड्राइव्ह शाबूत आहे, यादी माझ्या पाठ आहे. पेला तिसऱ्या ओळीत. फक्त तुम्ही आता त्या बटणाजवळच बसा आणि कुणाला, अगदी तुमच्या मुलालाही, हात लावू देऊ नका."

आईनं खुर्ची उचलून भिंतीजवळ नेली आणि बटणाला पाठ लावून बसली. सीमेवर पहारा द्यावा तशी.

दुसऱ्या खेपेला वहिनीनं कुणालाच काही विचारलं नाही. मशीन चालू केलं, वरच्या ओळीतलं यादीचं बटण टकटक दाबत राहिली, चार मोजून दोनदा खाली, एंटर. बीप. एस, एंटर. प्रश्न पूर्ण व्हायच्या आधी तिचं उत्तर दाबून होत होतं. पहिल्यांदा तास लागला त्या वाटेला वीस मिनिटं लागली. मग लिहिणं. आई जागची हलली नाही. दादा दुपारी आला आणि मोबाइल चार्जिंगला लावायला त्या बाजूला वळला, तर तिनं त्याला हातानंच लांब केलं.

शेवटी मशीननं पेनड्राइव्ह काढायला सांगितलं. वहिनीनं तो काढून रबरबँडसकट मुठीत धरला. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं. अर्धं मिनिट शांतता. आणि मग तोच सर्दीचा आवाज, यावेळी पेनड्राइव्हवरून नव्हे, डिस्कवरून. नाव विचारत होता.

वहिनीनं नाव टाइप केलं, पासवर्ड टाइप केला आणि एक कोरं पान उघडलं. एक अक्षर दाबलं. मशीननं ते त्याच क्षणी उच्चारलं. दुसरं दाबलं, तेही. मग तिनं दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले आणि ऑपरेशनच्या नोंदीतलं एक लांबलचक वाक्य सुसाट टाइप केलं, आणि आवाज तिच्या बोटांच्या मागोमाग धावत गेला. तिचे खांदे, जे गेले सहा महिने कानांपर्यंत चढलेले होते, ते खाली आले. हे मी पाहिलं.

दादा म्हणाला, "अरे, हे माझ्या छापखान्यातलं डबडं?" आणि ओरडून हसला.

दवाखान्यात ती थेट मोठ्या बाईंकडे गेली. "मला चालू मशीन नको," तिनं सांगितलं. "भंगारच्या खोलीतलं एक द्या. बिघडलं तर भंगारच बिघडेल. शनिवारी दुपारी ऑफिस रिकामं असतं, तेव्हा बसवते."

"कोण बसवणार?"

"मीच."

मोठ्या बाईंनी चिठ्ठ्यांचं पॅड पुढं ओढलं. मग म्हणाल्या, "भंगाराला माझी परवानगी कशाला हवी? स्टोअरकीपरला चिठ्ठी देते."

स्टोअरकीपरनं पुढं जे झालं ते नंतर आठवडाभर सगळ्या दवाखान्याला सांगितलं. वहिनी भंगारच्या खोलीत शिरली आणि तिनं तिथल्या पाचही मशीनांवरून हात फिरवला. एकाचा पत्रा चेपलेला, ते बाजूला. एकाच्या पाठीमागं नाक नेलं आणि म्हणाली, "हे जळलंय." स्टोअरकीपरनं उघडून बघितलं तर आत खरंच काळा डाग. उरलेली तीन एकेक करून चालू करायला लावली आणि पंख्याचा आवाज ऐकून, एक जास्तीचं धरून, दोन निवडली. "बाई भाजीवालीकडून भोपळा घ्यावा तशी मशीन घेत होत्या," तो सांगायचा.

डिस्कांवरची रुग्णांची माहिती केबलवाल्यांनी नियमाप्रमाणं आधीच पुसलेली होती. वहिनीला ते सोयीचं झालं. डिस्क कोरी असली की मशीनला दुसरीकडे जायला वाटच नसते. ते पेनड्राइव्हकडे वळतं, आणि न बोलणारी यादी वाचायची वेळच येत नाही. निदान तसं व्हायला हवं होतं. पहिलं मशीन दोन मिनिटं घुमत राहिलं आणि बीप काही आलं नाही. वहिनीनं पुन्हा एकदा करून बघितलं, मग पेनड्राइव्ह काढून दुसऱ्यात घातला. दुसऱ्यानं वीस मोजायच्या आत बीप दिलं.

ती डिस्कच्या प्रश्नापर्यंत पोचली होती तेव्हा केबलवाले शनिवारचं कुलूप लावायला म्हणून आत आले. टेबलावर मशीन, कीबोर्ड, एक लहान स्पीकर. केबलवाल्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"बाई, स्क्रीन कुठंय?"

"आणली नाही. तुम्हाला लागत असेल तर घेऊन या."

केबलवाले हसले, पण स्क्रीन आणायला गेले नाहीत. खुर्ची ओढून बसले. स्पीकरमधला आवाज एका दमात काहीतरी बोलला. वहिनीनं बटण दाबलं.

"काय म्हणालं ते?"

"अख्खी डिस्क वापरू का, विचारतंय. मी हो म्हटलं."

"आणि आता?"

"आता म्हणतंय, सगळं एकाच जागी ठेवू की घरचं सामान, म्हणजे आपल्या फाइली, वेगळं?"

पाच मिनिटांनी पुन्हा, "आणि आता?" असं तासभर चाललं. तीनशे मशीन सांभाळणारा माणूस वहिनीला विचारून विचारून पुढं सरकत होता. लिहिणं सुरू झालं तेव्हा ते म्हणाले, "बसवताना हे बोलतं, मला खरंच माहीत नव्हतं. सर्व्हरवर कितीतरी वेळा बसवलं असेल. पहिल्या पानावर ती ओळ असायचीच. मी कधी वाचली नाही."

"तुम्हाला गरज पडली नाही," वहिनी म्हणाली.

पण पुढचं काम त्यांनीच केलं हेही सांगायला हवं. दवाखान्याच्या जाळ्यात मशीन जोडणं, प्रिंटर ओळखायला लावणं, रिपोर्ट जिथं ठेवायचे ती जागा उघडून देणं, यासाठी लागणाऱ्या चाव्या त्यांच्याकडे होत्या. सोमवारी ते स्वतः येऊन बसले. सगळं चालू झालं, पण पायातलं पेडल चालेना. दाबलं की डॉक्टर बोलायच्या ऐवजी पानावर ओळीनं एकच अक्षर उमटायचं. वहिनी ते ऐकून म्हणाली, "म्हणजे हे पेडल स्वतःला कीबोर्ड समजतंय." तेवढा धागा पुरला. त्या पेडलच्या अक्षराला वाजवण्या-थांबवण्याचं काम जोडायला दोघांना तीन दिवस लागले. ती ऐकून सांगायची, ते लिहायचे. नंतर नंतर ती लिहायची आणि ते चहा आणायचे.

गुरुवारी वहिनीनं सकाळपासून बसून साचलेल्यांपैकी चौदा रिपोर्ट पूर्ण केले. त्यातला एक त्याच सर्जनांचा होता. संध्याकाळी ते आले, कागद उभ्या उभ्या वाचला आणि म्हणाले, "माझं एक वाक्य बदललंत तुम्ही."

"तुम्ही आधी उजवी बाजू म्हणालात आणि दोन मिनिटांनी डावी. मी दोन्ही ठेवून समोर प्रश्नचिन्ह टाकलंय."

सर्जनांनी पुन्हा वाचलं. मग खिशातून पेन काढून 'डावी'खाली रेघ मारली, सही केली, आणि कागद स्वतः तिच्या हातात दिला. दुसऱ्या दिवसापासून त्यांची सगळी रेकॉर्डिंग पुन्हा तिच्याकडे यायला लागली. मोठ्या बाईंनी खुर्चीचा विषय काढला नाही. उलट एकदा जाता जाता म्हणाल्या, "त्या दुसऱ्या भंगार मशीनचं काय करताय?"

"पुढच्या शनिवारी पुन्हा बघते. त्याला पेनड्राइव्हवरून उठायचं शिकवलेलं नाही, एवढंच दुखणं असावं."

दुखणं तेवढंच निघालं. ते मशीन आता शेजारच्या टेबलावर आहे. डोळ्यांनी बघून टाइप करणारी नवी मुलगी त्याच्यावर काम करते, रीडर बंद ठेवून. तो आवाज ऐकून तिचं डोकं दुखतं म्हणे. वहिनी म्हणते, सवय होईल.

आई मात्र हल्ली फोनवर नातेवाइकांना सांगते की आमच्याकडे सून आणि मी मिळून कॉम्प्युटर बसवतो. वहिनी दुरुस्ती करत नाही.

मागच्या रविवारी मी गेले तेव्हा दवाखान्यात रुग्णांना व्यायाम शिकवणारे एक गृहस्थ, सगळे त्यांना भाऊ म्हणतात, घरी येऊन बसले होते. त्यांनाही दिसत नाही. सोबत त्यांचा लॅपटॉप. सिस्टीम बसवायची होती, पण या लॅपटॉपच्या पोटात बीप देणारा भोंगाच नाही. त्याची यादी दादानं वाचून दिली होती, पेनड्राइव्ह कितवा तेही कळलं होतं. पुढं मात्र लॅपटॉप ठार मुका.

"बीप देत नाही म्हणजे ती वेळ येत नाही असं नाही ना," वहिनी म्हणाली. "येतेच. फक्त आपल्याला सांगत नाही. मोजून काढू."

तिनं दहा मोजून एस दाबला. काही नाही. लॅपटॉप बंद, पुन्हा चालू. पंधरा मोजले. काही नाही. भाऊ म्हणाले, "राहू द्या हो ताई, उगाच तुमचा रविवार..."

"बसा हो. अजून वीस, पंचवीस, तीस, सगळे आकडे शिल्लक आहेत," वहिनी म्हणाली आणि तिनं पुन्हा चालूचं बटण दाबलं.